राजधानी कोलंबो की कोट्टे? : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचा प्रवासलेख छापला होता. तो वाचून पेडण्यापासून कुंकळ्ळीपर्यंतच्या वाचकांनी पत्रे पाठवली आणि त्यांतले बहुतेक प्रश्न प्रवासापेक्षा त्या देशाविषयी होते. त्यांपैकी सात प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. काही उत्तरे लांबली आहेत, कारण लंकेचा इतिहास सांगायला घेतला की त्यात गोवा येतोच, आणि तो टाळून पुढे जाणे मला योग्य वाटले नाही.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकात श्रीलंकेची राजधानी कोलंबो, तर दुसऱ्यात श्री जयवर्धनपुर कोट्टे अशी दिली आहे. उत्तरपत्रिकेत काय लिहावे? आणि एका देशाच्या राजधानीबाबत असा गोंधळ का व्हावा? (एक विद्यार्थिनी, म्हापसा)

उत्तरपत्रिकेत श्री जयवर्धनपुर कोट्टे असेच लिहावे. मात्र कोलंबो लिहिणाऱ्याची चूक समजण्यासारखी आहे आणि ती समजून घेणे गोमंतकीयाला इतरांपेक्षा सोपे जावे. आपली राजधानी पणजी, परंतु विधानसभा आणि सचिवालय मांडवीचा पूल ओलांडून पर्वरीला आहे, आणि त्यामुळे आपले काही अडत नाही. श्रीलंकेतही असेच घडले. फरक एवढाच की तेथे संसद ज्या गावी गेली त्या गावालाच राजधानीचा मान देण्यात आला, तर राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान, सर्वोच्च न्यायालय, बंदर, पेढ्या आणि व्यापार कोलंबोतच राहिला. दोन्ही ठिकाणांमध्ये अंतर जेमतेम 10 किलोमीटरचे आहे, आणि कोलंबो कोठे संपले व कोट्टे कोठे सुरू झाले हे रस्त्याने जाणाऱ्याला कळतही नाही.

कोट्टे हे नवे वसवलेले शहर नव्हे, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण पुष्कळ जणांचा समज तसा असतो. सिंहली 'कोट्टे' म्हणजे आपला कोट. चौदाव्या शतकात अलगक्कोनार या सरदाराने उत्तरेकडच्या जाफन्याच्या राज्याला तोंड देण्यासाठी दलदलीने वेढलेल्या जागी हा कोट बांधला आणि त्याला जयवर्धनपुर, म्हणजे विजय वाढवणारे नगर, असे नाव दिले. पंधराव्या शतकाच्या आरंभी सहावा पराक्रमबाहू याने तेथे राजधानी केली आणि त्याच्या दीर्घ कारकिर्दीत जाफन्यासह सारे बेट एका छत्राखाली आले. बुद्धाच्या दंतधातूसाठी, म्हणजे पवित्र दातासाठी, त्याने कोट्टेत तीन मजली मंदिर उभारले. मैनेसारख्या पक्ष्याला दूत करून पाठवण्याची जी सिंहली संदेशकाव्ये आजही शाळांतून शिकवली जातात, त्यांतली काही याच काळातली आहेत. पुढे अध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांच्या कारकिर्दीत संसद येथे आली, म्हणून शहराचे नाव त्यांच्यावरून पडले असे काहींना वाटते. प्रत्यक्षात ते नाव त्यांच्या जन्माच्या कित्येक शतके आधीचे आहे.

1505 च्या सुमारास भारतातील पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय फ्रांसिस्कु द आल्मैद याचा मुलगा लोरेंसु याची गलबते कोलंबोच्या बंदराला लागली. ही बातमी राजाला देताना कोणी सांगितले की, गोऱ्या अंगाची, लोखंडी टोप्या घातलेली, एका जागी स्वस्थ न बसणारी माणसे आली आहेत, ती पांढरे दगड खातात आणि रक्त पितात. सिंहली बखरीतला हा तपशील मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ थांबलो होतो, कारण तो दगड म्हणजे आपला पाव आणि ते रक्त म्हणजे द्राक्षाची दारू. पोर्तुगीज वकिलांना राजाच्या भेटीला नेताना वाटाड्यांनी त्यांना तीन दिवस डोंगरदऱ्यांतून फिरवले, जेणेकरून राजधानी फार दूर आहे असे त्यांना वाटावे. पण बंदरातल्या गलबतावरून ठरावीक वेळाने तोफ डागली जात होती आणि तिचा आवाज त्यांच्या कानांवर जवळूनच येत होता, असे सांगतात. यावरून सिंहलीत एक वाक्प्रचार रूढ झाला : 'परंगिया कोट्टे गिया वगे', म्हणजे परंगी कोट्टेला गेला तसे. आपण ज्याला द्राविडी प्राणायाम म्हणतो, त्याला सिंहली माणूस हे म्हणतो. त्यांचा परंगी तोच आपला फिरंगी, हे सांगायला नकोच.

पुढची हकिगत दुःखाची आहे. 1518 साली पोर्तुगीजांनी कोलंबोत किल्ला बांधला. 1521 साली राजपुत्रांच्या कलहात कोट्टेचे राज्य तीन भावांत वाटले गेले. धर्मपाल हा कोट्टेचा राजा पोर्तुगीजांच्या छायेत वाढला, 1557 साली त्याने बाप्तिस्मा घेतला आणि प्रजेचे मन त्याच्यापासून उडाले. 1565 साली पोर्तुगीजांनी त्याला कोलंबोत हलवले आणि कोट्टे ओस पडले. आपल्याकडे चंद्रपूर, गोपकपट्टण, एला आणि 1843 पासून पणजी अशी राजधानी सरकत गेली आणि मागे राहिलेल्या नगरांवर रान माजले, तसेच तेथेही झाले. पोर्तुगीजांनंतर डच आले, डचांनंतर इंग्रज, आणि तिघांनीही कोलंबोतूनच कारभार केला. म्हणूनच 1948 च्या स्वातंत्र्यानंतर राजधानी हलवायची ठरली तेव्हा कोट्टेची निवड झाली, याला माझ्या मते सोयीपलीकडचा अर्थ आहे. परकी सत्तेने ज्या गावावरून राजाला उठवले, त्याच गावी लोकांनी निवडलेली सभा नेऊन बसवली.

ती सभा 29 एप्रिल 1982 रोजी नव्या वास्तूत भरली. दियवन्ना ओयाच्या काठची दलदल उपसून तळे केले, तळ्यात बेट ठेवले आणि त्या बेटावर जेफ्री बावा या श्रीलंकन वास्तुविशारदाने संसद बांधली. तिच्यात घुमट नाही की ग्रीक धाटणीचे खांबांचे दर्शनी तोंड नाही. लहानमोठ्या मंडपांवर तांब्याची उतरती छपरे आहेत, जुन्या कँडी दरबाराच्या सभागृहांची आठवण देणारी. तळ्याच्या काठावरून पाहिले की पावसाळी आभाळाखाली ती छपरे पाण्यावर तरंगल्यासारखी दिसतात. उष्ण कटिबंधातल्या देशाने आपल्या हवेला, पावसाला आणि परंपरेला मानवेल असे सरकारी घर कसे बांधावे, याचे इतके नेटके उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

प्रश्न : आमच्या सत्तरीत जून ते सप्टेंबर धो धो पाऊस असतो. श्रीलंका तर आणखी दक्षिणेला. मुलांच्या सुट्टीत मे महिन्याच्या अखेरीस गेलो तर तेथे काय हवा असेल? (एक वाचक, वाळपई)

लंकेत कोठे जाणार, यावर ते अवलंबून आहे. श्रीलंका सुमारे 65,610 चौरस किलोमीटरची, म्हणजे गोव्याच्या पावणेअठरापट; परंतु एवढ्याशा बेटावर दोन पाऊसकाळ आहेत. मध्यभागी डोंगरांचा पुंजका आहे आणि त्यातले पिदुरुतलागल हे शिखर 2,524 मीटर उंच आहे. मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा तेथे आधी पोहोचतो आणि डोंगरांच्या पश्चिमेला व दक्षिणेला, म्हणजे कोलंबो, गॉल, रत्नपुर या बाजूला पाणी ओततो. त्याच वेळी डोंगराआडचा पूर्व किनारा कोरडा असतो आणि त्रिंकोमलीचा समुद्र शांत असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत बंगालच्या उपसागरावरून ईशान्येचा वारा येतो आणि चित्र उलटे होते. तेव्हा मे अखेरीस जाणार असाल तर पूर्व किनारा धरावा, आणि कोलंबो-गॉल पाहायचे असेल तर डिसेंबर ते मार्च हे महिने निवडावेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारच्या गडगडाटी सरी जवळजवळ सगळीकडे येतात.

सत्तरीच्या माणसाला तेथील रान परके वाटणार नाही. जीवसृष्टीच्या अभ्यासकांनी पश्चिम घाट आणि श्रीलंका यांना मिळून एकच समृद्ध प्रदेश मानले आहे. म्हादईच्या खोऱ्यातून जे डोळ्यांत भरून घेतले असेल, त्याचीच भावंडे सिंहराजाच्या अरण्यात भेटतात.

पण मला आपले लक्ष त्या अरण्यापेक्षा कोरड्या पट्ट्याकडे वेधायचे आहे. बेटाच्या उत्तर-मध्य भागात वर्षातले कित्येक महिने पाऊस नसतो, आणि लंकेची सर्वांत जुनी संस्कृती, अनुराधपुर आणि पोलोन्नरुव, याच भागात फुलली. ती फुलली पाणी अडवून. तळ्याला सिंहलीत 'वेव' म्हणतात. अशी हजारो तळी मातीचे बांध घालून बांधली गेली, ती एकमेकांना जोडली गेली, आणि पाण्याच्या दाबाने बांध फुटू नये म्हणून बांधाच्या आत दगडी चौकोनी विहीर बांधून तिच्यातून पाणी बेताने सोडण्याची युक्ती त्यांनी दोन हजार वर्षांपूर्वीच साधली. त्या विहिरीला 'बिसोकोटुव' म्हणतात. पावसाचा एकही थेंब माणसाच्या उपयोगी न पडता समुद्राला मिळू नये, असे बाराव्या शतकातला राजा पहिला पराक्रमबाहू म्हणत असे, आणि पोलोन्नरुवचे पराक्रम समुद्र हे विस्तीर्ण तळे त्याच्याच नावाने ओळखले जाते. आपल्या खाजन शेतीत बांधाला 'मानस', म्हणजे पाण्याचे दार, बसवून भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर करण्याची जी विद्या आहे, ती जाणणाऱ्या गावकऱ्याने बिसोकोटुवच्या काठावर उभे राहून पाहावे. तळी आजही वापरात आहेत आणि आपली खाजने मात्र बांध फुटून खाऱ्या पाण्याखाली जात आहेत, हे पाहून मला फार वाईट वाटले.

प्रश्न : बुद्धाचा दात गोव्यात आणून कुटून टाकला होता, असे आजोबा सांगत. पण कँडीला तर त्याच दाताचे मंदिर आहे. मग खरे काय? (एक वाचक, दिवाडी)

आपल्या आजोबांनी ऐकलेली गोष्ट पोर्तुगीज बखरीत नमूद आहे. 1560 साली व्हाइसरॉय दों कॉन्स्तांतिनु द ब्रागांस गोव्याचे आरमार घेऊन जाफन्यावर चालून गेला. तेथील लुटीत सोन्याने मढवलेला एक दात मिळाला आणि तो बुद्धाचा दंतधातू असल्याचे सांगण्यात आले. ही बातमी ब्रह्मदेशातल्या पेगूच्या राजाच्या कानी गेली तेव्हा त्याने गोव्याला वकील पाठवून फार मोठी रक्कम देऊ केली. तिजोरी रिकामी होती आणि पुष्कळ अधिकाऱ्यांचे मन द्रव्याकडे झुकले होते. पण गोव्याचे पहिले आर्चबिशप गास्पार द लियांव यांनी विरोध केला. अखेरीस 1561 साली सर्वांदेखत तो दात खलबत्त्यात कुटला गेला, निखाऱ्यांवर जाळला गेला आणि त्याची राख नदीत टाकण्यात आली. दिवाडीहून जुन्या गोव्याला फेरीने येताना जे पाणी आपण ओलांडता, तेच ते पाणी.

आता दुसरी बाजू. 1557 साली धर्मपालाने धर्म बदलला तेव्हाच दंतधातूच्या राखणदाराने तो कोट्टेच्या मंदिरातून गुप्तपणे हलवला होता, असे सिंहली परंपरा सांगते. रत्नपुरच्या बाजूला देल्गमुव येथील विहारात तो नाचणी दळण्याच्या जात्याखाली लपवून ठेवला होता, आणि शतकाच्या अखेरीस कँडीचा राजा पहिला विमलधर्मसूरिय याने तो आपल्या राजधानीत आणून दोन मजली मंदिर बांधले. बौद्धांची श्रद्धा आहे की गोव्यात नष्ट झाला तो दुसराच कोणता तरी दात होता, कारण खऱ्या धातूला अपाय होऊच शकत नाही. देल्गमुवच्या विहारात ते जाते आजही दाखवतात आणि लोक त्यालाही फुले वाहतात.

यात खरे काय हे विचारताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. जाफन्याच्या स्वारीत एक पवित्र मानलेली वस्तू लुटून गोव्यात आणली गेली आणि ती जाहीरपणे नष्ट केली गेली, याबद्दल मला शंका घेण्याचे कारण दिसत नाही. ती वस्तू कोणती होती, हा श्रद्धेचा प्रश्न आहे, आणि त्याचा निवाडा कँडीच्या मंदिरात पहाटे ढोल वाजू लागतात तेव्हा कमळे घेऊन रांगेत उभी राहणारी माणसे रोज करतात. सोळाव्या शतकात साष्टी, बारदेश आणि तिसवाडीची देवळे पाडली गेली आणि आपल्या पूर्वजांनी रात्रीतून देव नदीपार अंत्रुज महालात नेले. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा यांच्या स्थलांतराच्या कथा ऐकत वाढलेल्या गोमंतकीयाला जात्याखाली लपवलेल्या दाताची कथा सांगून समजावी लागत नाही. आणि बुद्ध गोव्याच्या मातीलाही परका नव्हता. फादर हेरास यांना कोलवाळ परिसरात मिळालेली बुद्धमूर्ती त्याची साक्ष आहे.

प्रश्न : सांकवाळचे संत जुझे वाझ यांना श्रीलंकेत 'लंकेचे प्रेषित' म्हणतात. बौद्ध देशात गोव्याच्या पाद्रीला एवढा मान कसा? (एक वाचिका, मडगाव)

आधीच्या उत्तरातील 1561 सालची घटना आणि ही कथा एकत्र वाचावी, अशी माझी विनंती आहे. जुझे वाझ यांचा जन्म 1651 साली बाणावलीला, आईच्या गावी झाला. वडिलांचे घर सांकवाळचे. 1658 साली डचांनी पोर्तुगीजांना लंकेतून पुरते हुसकावल्यावर तेथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. 1687 साली वाझ भिकाऱ्याच्या वेषात जाफन्याला उतरले आणि रात्री घराघरांतून फिरून प्रार्थना चालवू लागले. पुढे कँडीला गेले तेव्हा पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. पण कँडीच्या राजाची, दुसऱ्या विमलधर्मसूरियाची, खात्री पटत गेली की हा माणूस कोणाचा हेर नाही, आणि त्याने त्यांना मोकळीक दिली. 1697 साली कँडीत देवीची साथ आली. घरच्यांनी टाकून दिलेल्या रोग्यांना वाझ यांनी झोपड्यांत नेऊन धुतले, खाऊ घातले, आणि जे गेले त्यांना स्वतः पुरले. त्यांत बौद्ध होते तसे ख्रिस्तीही होते. 16 जानेवारी 1711 रोजी ते कँडीतच वारले. 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर त्यांना संतपद जाहीर केले, तेव्हा ते श्रीलंकेचे पहिले संत ठरले.

गोव्याच्या आर्चबिशपांनी ज्या दंतधातूचा नाश केल्याचे सांगितले जात होते, त्याच दंतधातूच्या नगरीत, त्याच्या राखणदार राजाने, दीडशे वर्षांच्या आत गोव्याच्या एका धर्मगुरूला आसरा दिला. कँडीच्या दरबाराचा हा मोठेपणा आपल्याकडच्या चरित्रांतून फारसा सांगितला जात नाही, म्हणून मी येथे आवर्जून नोंदवत आहे.

त्यांच्या मागून गेलेले दिवाडीचे फादर जाकोम गोंसाल्विस यांचेही नाव घ्यायला हवे. 1705 पासून 1742 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते लंकेत राहिले आणि त्यांनी सिंहली व तमिळ या दोन्ही भाषांत इतके लिहिले की सिंहली ख्रिस्ती साहित्याचे जनक म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाते. कोंकणी मातृभाषेच्या माणसाचे हे काम आहे.

प्रश्न : श्रीलंकेत 'बिबिक्कन' नावाचे गोड मिळते असे वाचले. ते आपले बेबिंकच का? तिकडच्या भाषेत आणि जेवणात आपल्यासारखे आणखी काय आहे? (एक वाचिका, फोंडा)

नाव एका घरचे दिसते, पदार्थ मात्र वेगळा. आपले बेबिंक म्हणजे अंड्याचा बलक, नारळाचा रस, साखर आणि मैदा यांचे थरावर थर, आणि प्रत्येक थर वरून निखारे ठेवून भाजलेला. बिबिक्कनला थर नसतात. खवलेला नारळ काळ्या गुळात किंवा काकवीत शिजवतात, त्यात रवा किंवा तांदळाचे पीठ घालतात आणि एकजीव करून भाजतात. पहिल्या घासाला मला बेबिंकापेक्षा आपल्या रवा-नारळाच्या बातकेची आठवण झाली. तो काळा गूळ बहुधा 'कितुल' नावाच्या ताडाचा असतो. हे झाड आपल्याकडेही आहे. त्याला भेरली माड म्हणतात आणि गोव्यात त्याची झावळी मंडपाला बांधतात.

खरे साम्य आंबट पदार्थांत आहे. आपण माशाच्या हुमणात सोले किंवा पावसाळ्यासाठी वाळवलेली बिंडा घालतो; तेथे त्याच कुळातले 'गोरका' हे फळ वापरतात. वाळून ते कोळशासारखे काळे होते. त्याचा लगदा मिरपुडीसह कुपा (टूना) माशाच्या जाड तुकड्यांना चोपडतात आणि मातीच्या भांड्यात पाणी आटेपर्यंत शिजवतात. हा 'अंबुल थियल' चांगला मुरला की दोनतीन दिवस टिकतो. 'अंबुल' म्हणजे आंबट, हे आपल्या कानाला आधीच कळलेले असते.

कारण सिंहली ही मराठी-कोंकणीची दूरची बहीणच आहे. भोवती तमिळ, समुद्रापलीकडे मल्याळम, आणि मध्ये ही आर्यकुळातली भाषा दोन हजारांहून अधिक वर्षे उभी आहे. एक, देक, तुन, हतर, पह असे आकडे मोजतात. गावाला 'गम', नावाला 'नम', हाताला 'अत' म्हणतात. सिंहली नववर्षाच्या सकाळी घरोघरी 'किरिबत' करतात. किरि म्हणजे दूध, आपल्या खिरीतला क्षीर. बत म्हणजे भात. नारळाच्या दुधात शिजवलेला तो पांढरा भात केळीच्या पानावर थापून त्याच्या चौकोनी वड्या पाडतात आणि तिखट चटणीबरोबर खातात.

पोर्तुगीज शब्द तर आपल्याला घरचेच. खिडकी 'जनेलय', आपले जनेल. टेबल 'मेसय', आपले मेज. आणि पाव 'पान'. ज्या पावाला कोट्टेच्या राजदरबारात दगड म्हटले गेले, तो आज कोलंबोच्या गल्ल्यांतून संध्याकाळी तीनचाकी रिक्षातून येतो. रिक्षा ठरलेली धून वाजवत येते, म्हणून त्याला 'चून पान', म्हणजे ट्यूनचा पाव, म्हणतात. मी उतरलो होतो त्या घरची मावशी ती धून ऐकताच सुटे पैसे घेऊन फाटकाशी गेली. आमच्या घरी पोदेराचा भोंगा वाजला की आई हेच करीत असे.

आडनावांचे मात्र नीट लक्षात ठेवावे. परेरा, सिल्वा, फर्नांडो ही आडनावे ऐकून समोरचा ख्रिस्ती आहे असे गोव्याच्या सवयीने धरून चालू नये. पोर्तुगीज काळात घेतलेली ही नावे असंख्य बौद्ध घराण्यांनी तशीच ठेवली आहेत.

प्रश्न : रामायणातील लंका हीच का? (एक वाचक, पेडणे)

परंपरेने हीच मानली जाते. नुवर एळियजवळ सीतेचे मंदिर आहे आणि तेथील ओढ्याकाठच्या बागेला भाविक अशोकवन मानतात. संशोधकांत मात्र एकमत नाही, पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी वाल्मीकींची लंका मध्य भारतात असावी असे मांडले होते. भाविकाने मंदिर पाहावे आणि अभ्यासकाने दोन्ही मते वाचावीत.

प्रश्न : परतीच्या विमानाआधी कोलंबोत आम्हाला एकच दिवस मिळणार आहे. काय पाहावे? (एक दांपत्य, कुंकळ्ळी)

सकाळी लवकर 'पेट्टा'त जावे. ही आपली पेठच. सिंहलीत तिला 'पिटकोटुव' म्हणतात, म्हणजे कोटाबाहेरची वस्ती. कोटाच्या भिंती इंग्रजांनी पाडल्या, तरी बाजार मात्र गल्लीगणिक एक जिन्नस या जुन्या पद्धतीने आजही भरतो : एका गल्लीत सुकी मासळी, एकीत कापड, एकीत आयुर्वेदिक पाळेमुळे. लाल-पांढऱ्या विटांची जामी उल-अल्फर मशीद आणि तेथून थोड्या चढावर 1757 सालचे डचांचे वोल्वेंडाल चर्च, दोन्ही पायी पाहून होतात.

त्यानंतर 1877 साली उघडलेले राष्ट्रीय संग्रहालय. सगळी दालने पाहायला वेळ नसेल तर गॉलचा त्रैभाषिक शिलालेख तेवढा शोधून काढावा. 1409 साल कोरलेला हा शिलालेख चिनी सेनानी झेंग हे याने आणला. त्यात चिनी मजकुरात बुद्धाला, तमिळ मजकुरात विष्णूला आणि फारसी मजकुरात अल्लाला दिलेल्या दानांची नोंद आहे. फिरंगी या समुद्रात येण्याच्या शंभर वर्षे आधी येथील बंदरांत व्यापाऱ्यांच्या देवांची अशी गर्दी होती.

दुपारनंतर मात्र कोट्टेला जावे, कारण कोलंबोला गेलेले शंभरातले नव्वद जण ते पाहतच नाहीत. सुरक्षेमुळे संसद दुरून, तळ्याकाठच्या पायवाटेवरून पाहावी लागते. भोवतालची दलदल जपली आहे, तिच्यात बगळे आणि घोरपडी दिसतात. अतिवृष्टीत शहराचे पाणी हीच दलदल पोटात घेते, आणि अशा पाणथळींच्या जपणुकीसाठी कोलंबोला 2018 साली रामसर परिषदेने पाणथळ नगराचा दर्जा दिला. त्यानंतर रिक्षावाल्याला 'एतुल कोट्टे', म्हणजे आतले कोट्टे, असे सांगावे आणि जुन्या तटाचे अवशेष विचारावेत. मला एका वळणावर, दोन घरांच्या मधल्या बोळात, तो तट सापडला. नेच्यांनी आणि शेवाळाने झाकलेली छातीइतकी भिंत होती आणि शेवाळ बोटाने बाजूला केल्यावर आत तांबडा, भोकाभोकांचा चिरा दिसला. लंकेत जांभ्या दगडाला 'कबोक' म्हणतात. बाजूच्या घरातले आजोबा बाहेर आले आणि तुमच्याकडे असा दगड असतो का, म्हणून त्यांनी विचारले. आमचे घर त्याचेच बांधलेले आहे, असे सांगितल्यावर त्यांनी मला आत बोलावून चहा दिला. तो बोळ संसदेपासून रिक्षाने थोड्याच अंतरावर आहे. पावसाचे दिवस असतील तर पायांत घट्ट चपला असाव्यात, कारण तेथील चिखल आपल्यासारखाच तांबडा आणि निसरडा असतो.